मागच्या दारानं आलो म्हणता?



"डिप्लोमावाले कोण कोण आहेत? जरा उभे राहा."

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला हे वाक्य आमच्या अंगावर आलं. कॉलेजचं नाव आम्ही मुद्दाम छापत नाही. एकाचं नाव छापलं की बाकीचे हात झटकून साव होतात, आणि हे दुखणं एका कॉलेजचं नाही. तर आम्ही नऊ जण उभे राहिलो. मास्तरांनी आमच्याकडं धड बघितलंही नाही. फळ्याकडं तोंड करून म्हणाले, "तुमचं एम-वन, एम-टू झालेलं नाही. एम-थ्री झेपणार नाही. केटी लागली की माझ्याकडं रडत यायचं नाही." वर्ग हसला. 'बसा' असं कुणी म्हटलं नाही. ते लिहू लागले आणि आम्ही उभेच. शेवटी शेजारच्यानं शर्ट ओढला तेव्हा एकेक करून खाली बसलो.

ही गोष्ट जुनी झाली. त्या नवातला कुणी आज कारखान्यात आहे, कुणी साइटवर आहे, कुणी मधेच गळाला. पण यंदा आमच्या वस्तीतली एक पोरगी दुसऱ्या वर्षाला गेली. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन तिनं तेच वाक्य सांगितलं. कॉलेज वेगळं, मास्तर वेगळा, वाक्य तेच. तिची आई म्हणाली, "उभं केलं म्हणजे काय चूक केलीस गं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं आहे. म्हणून हे संपादकीय.

उभं राहणं आम्हाला नवं नाही. आमचा आजा चावडीसमोर उभा राहिला. आमचा बाप खाणमालकाच्या केबिनबाहेर उभा राहिला, हप्त्याच्या पैशासाठी. आता आम्ही वर्गात उभे. फरक एवढाच की आजाला त्याची जात विचारून उभं केलं, आणि आम्हाला आमचं सर्टिफिकेट विचारून.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करता येतो. तो पास झाला की डिग्रीला पहिलं वर्ष न करता थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कागदावर त्याचं नाव 'थेट द्वितीय वर्ष', कॉरिडॉरमध्ये त्याचं नाव 'मागचं दार'. प्रवेश फुकट नाही. डिप्लोमाच्या मार्कांवर राज्यभराची गुणवत्ता यादी लागते, फेऱ्या होतात, कागद तपासले जातात, जातीचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, सगळं लागतं. एवढ्या चाळण्यांतून पोरगा आत येतो. तरी तो चोरून शिरलेला!

आता डिप्लोमाला जातं कोण, ते बघा. दिघा, इलठाणपाडा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअर. या वस्त्यांत दहावीचा निकाल लागला की घराघरात सभा भरते. मामा येतो, शेजारचे काका येतात. कुणीतरी म्हणतं, "अकरावी-बारावी करून करणार काय? क्लासची फी कुठनं आणणार? त्यापरीस डिप्लोमा कर, तीन वर्षांत हाताला काम लागंल." बाप दगडखाणीत, नाहीतर नाक्यावर. आई सोसायट्यांत धुणीभांडी करते. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटामागं आलेली ही माणसं. यांनीच खडी फोडली, यांनीच रेती वाहिली, त्यावर हे शहर उभं राहिलं. ज्या घरात तीन वर्षांनंतर पगार हवाच आहे, त्या घरातला पोरगा डिप्लोमाला जातो. त्याच्या डोक्याचा प्रश्न तिथं येतच नाही. घरात तांदूळ किती दिवसांचा आहे, यावर त्याची शाखा ठरते.

आणि तो एकटा नसतो. शेजारच्या बाकावर आगरी पोरगा असतो. १९७० साली सिडको आली, त्याच्या आजाची भातशेती गेली, मिठागर गेलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानला लढा झाला, पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व पुढं आलं. भूखंड आला, पण पोराची दहावीनंतरची वाट तीच राहिली. माथाडी कामगाराचा पोरगा असतो. मुसलमान मेकॅनिकचा पोरगा असतो. डिप्लोमाचा वर्ग म्हणजे या शहरातल्या कष्टकऱ्यांची जनगणनाच म्हणा. तेव्हा 'डिप्लोमावाला' ही शिवी नुसत्या सर्टिफिकेटला लागत नाही. ती बापाच्या धंद्याला लागते.

आता 'मागच्या दारा'चा हिशेब मांडू. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. साखरसम्राटांचे शिक्षणसम्राट झाले. नवी मुंबईत सिडकोच्या नोडानोडांत कॉलेजांच्या इमारती चढल्या. पैसे मोजून जागा घेण्याचा बाजार इतका बोकाळला की १९८७ साली सरकारला कॅपिटेशन फीच्या विरोधात कायदा करावा लागला. तेव्हा जे पेटी घेऊन आत गेले त्यांना कुणी मागच्या दाराचे म्हटलं नाही. आजही संस्थेच्या कोट्यातून बसलेल्या पोराला "उभा राहा, तुझ्या बापानं किती भरले?" असं विचारणारा मास्तर आम्ही पाहिलेला नाही.

पुढं कॉलेजं इतकी झाली की जागा रिकाम्या राहू लागल्या. त्या रिकाम्या जागा कोण भरतं? नियमच असा आहे, की डिप्लोमावाल्यांसाठी थोड्या जादा जागा, शिवाय पहिल्या वर्षाला ज्या जागा ओस पडल्या त्याही दुसऱ्या वर्षाला त्यांना खुल्या. म्हणजे ज्या बाकावर कुणी बसलं नव्हतं तिथं आमचा पोरगा बसतो. त्याची फी येते, त्याची शिष्यवृत्ती सरकारकडून येते, त्यावर कॉलेजचा गाडा चालतो. मास्तरांचा पगारही त्यातूनच निघतो. ज्याच्या फीवर घर चालतं त्यालाच उंबऱ्यावर उभं करायचं, हा न्याय आम्हाला चांगला ओळखीचा आहे. गावचं मेलेलं ढोर ओढणारा महार गावाला लागायचा, पण गावच्या पाणवठ्यावर चालायचा नाही.

बरं, पोरगा आत आला. पुढं काय होतं? प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. तो येतो तोवर वर्ग कधीच सुरू झालेले असतात. पहिली चाचणी झालेली असते किंवा तोंडावर आलेली असते. सबमिशनचे गट पडलेले असतात, प्रॅक्टिकलच्या बॅचा पडलेल्या असतात, हॉस्टेलच्या खोल्या भरलेल्या असतात. पहिल्या वर्षापासून एकत्र असलेली पोरं एकमेकांच्या नोट्स वापरतात. याला विचारायला कुणी नाही. त्यात एम-थ्री. लाप्लास, फुरिये, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल. डिप्लोमाच्या गणितानं त्याला इथवर आणून सोडलेलं नसतं. मधल्या दोन पायऱ्या त्याला कुणी दाखवलेल्याच नसतात. जिन्याच्या दोन पायऱ्या काढून घ्यायच्या आणि पोरगा अडखळला की म्हणायचं, बघा, याच्या पायातच दम नाही! साला, पायरी काढली कुणी ते बोला ना.

आणि मग केटी लागते. एकदा लागली की मास्तरांचं वाक्य खरं ठरतं. मास्तर खूश. पोरगा स्वतःशीच म्हणायला लागतो, आपल्यालाच येत नाही. दोस्तहो, सगळ्यात घातक जागा हीच. बाहेरचा माणूस शिवी देतो ती कानाला लागते. तीच शिवी आपण आपल्याला देऊ लागलो की ती रक्तात जाते.

आपल्या पोरांवर हा मार दुहेरी असतो. आधी 'डिप्लोमावाला', मग 'कोटावाला'. ऑफिसबाहेरच्या बोर्डावर शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आणि पुढं जातीचा रकाना. सगळा वर्ग वाचतो. आडनावावरून ज्यांना कळलं नव्हतं त्यांना त्या दिवशी कळतं. शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो, तोवर क्लार्क वर्गाच्या दारात येऊन नावं वाचतो, "फ्रीशिपवाल्यांनी ऑफिसात भेटा." मागच्या बाकावरून आवाज येतो, "सरकारी जावई!" असले जावई जगात कुठं पाहिलेत का, ज्यांना सासुरवाडीत पाणीसुद्धा विचारत नाहीत? ती शिष्यवृत्ती कुणाची भीक नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी सरकारला निवेदन दिलं आणि अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या निवेदनात त्यांचा भर कशावर होता ठाऊक आहे? विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर. नुसते वकील आणि कलाशाखेचे पदवीधर होऊन आपला समाज वर येणार नाही, त्याला यंत्रविद्या हवी, आणि ती गरिबाला स्वतःच्या पैशानं परवडणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. म्हणजे लेथवर उभा राहणारा आमचा पोरगा आणि त्याच्या खिशातली शिष्यवृत्ती, या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकाच कागदावर मांडल्या होत्या. ज्याला तो कागद माहीत आहे त्याला बोर्डावर नाव वाचून मान खाली घालायचं कारण नाही.

आता मुळावर येऊ. डिप्लोमाला डिग्रीनं नाकं का मुरडावीत? ज्ञानाचा प्रश्न असता तर एम-थ्रीचे दोन महिने जादा तास घेतले असते आणि प्रश्न मिटला असता. प्रश्न दुसराच आहे. या देशात हातानं काम करणारा खालचा आणि हात न लावता सांगणारा वरचा. कानस घासणारा खाली, ड्रॉइंगवर सही करणारा वर. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवलंय, की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वरखाली रचलेली वाटणी आहे. पॉलिटेक्निकचा पोरगा तीन वर्षं वर्कशॉपमध्ये काळा होतो. छिन्नी, हातोडा, व्हर्नियर, वेल्डिंग, सगळं त्याच्या बोटांत असतं. मशीन शॉपच्या प्रॅक्टिकलला बघा. जे सकाळी याला हसलेले असतात तेच दुपारी जॉब घेऊन याच्याकडं येतात, "अरे, एवढं थ्रेड काढून दे ना." हा काढून देतो. जॉबवर नंबर त्यांचा, मार्क त्यांचे. संध्याकाळी हा पुन्हा डिप्लोमावाला. ही बलुतेदारी नाही तर काय?

मुंबईत माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. १८८७ साली सुरू झालेली संस्था. तिथं डिप्लोमा आणि डिग्री एकाच आवारात चालत आले. एकच आवार, एकच यंत्रं. तरी दोन सर्टिफिकेटांत दोन आळ्या. भिंत विटांची लागत नाही, मनातली पुरते.

आम्हाला मेरिट शिकवतात. ठीक आहे, मेरिटचीच गोष्ट करू. दरवर्षी १५ सप्टेंबरला कॉलेजात अभियंता दिन साजरा होतो, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतात. त्यांना मान आहेच, कर्तबगार माणूस. पण त्यांची वाट बघा. बंगळूरला बी.ए. झाले, मग पुण्याच्या सायन्स कॉलेजात येऊन १८८३ साली एल.सी.ई. झाले. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, एका विद्येतून दुसऱ्या विद्येत. त्यांना वर्गात कुणी उभं केल्याचं आम्ही वाचलेलं नाही.

आणि आमच्या बापाची वाट बघा. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्याला संस्कृत नाही म्हणाले, म्हणून फारसी घेतलं. १९०७ ला मॅट्रिक. १९१२ ला बी.ए. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच! तिथून लंडन. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले तर तिथल्या सहकारी प्रोफेसरांना त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपेना. १९२० ला पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेलं पुरं करून आले. आता कॉलेजात नोकरी द्यायला ज्या कंपन्या येतात त्यांची अट काय असते? 'शिक्षणात खंड नको. दहावीपासून अमुक टक्के सलग हवेत.' शिक्षणात खंड नको! तीन वर्षांचा खंड पडलेला हा माणूस त्या अटीत बसला नसता, दोस्तहो. त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळाला असता. देशाची घटना लिहिणारा माणूस ज्या चाळणीतून गळतो, त्या चाळणीला आम्ही मेरिट म्हणायचं?

म्हणूनच १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढताना बाबासाहेबांनी नोकरी करणाऱ्या पोरांचा विचार केला. सकाळी लवकर वर्ग, मग पोरगा कामावर. १९५० ला औरंगाबादला मिलिंदचं कॉलेज. पोराला कॉलेजच्या वेळेप्रमाणं जगायला लावायचं, की कॉलेजला पोराच्या पोटाप्रमाणं वेळ बदलायला लावायची, याचं उत्तर त्यांनी कृतीनं दिलं. आजच्या शिक्षणसम्राटांच्या बोर्डावर त्यांचाच फोटो असतो, १४ एप्रिलला त्याला हार असतो. वेळापत्रकात मात्र ते कुठं सापडत नाहीत.

जरा दर्यापार बघू. अमेरिकेत अशा पोरांसाठी कम्युनिटी कॉलेजं आहेत. दोन वर्षांची, फी कमी, गावातच. काळे, मेक्सिकन, मजुरांची पोरं मोठ्या संख्येनं तिथं जातात आणि जमलं तर तिथून मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जातात. १९६० साली कॅलिफोर्निया राज्यानं आराखडाच केला. वरच्या आठव्या हिश्शाची पोरं थेट मोठ्या विद्यापीठात, वरच्या तिसऱ्या हिश्शातली दुसऱ्या पायरीवरच्या कॉलेजात, बाकीच्यांना कम्युनिटी कॉलेज, आणि तिथून वर चढायला शिडी. तिथंही शिडीनं आलेल्याला खालच्या नजरेनं बघतात. तिथंही पहिल्या सहामाहीत त्यांचे मार्क घसरतात. तिकडच्या अभ्यासकांनी १९६५ सालीच त्या घसरणीला 'ट्रान्सफर शॉक' असं नाव दिलं. आणि बरीचशी पोरं पुढं सावरतात, हेही त्यांना आढळलं. म्हणजे घसरण ही पोराच्या अकलेची मापं काढत नाही. जागा बदलल्याचा तो धक्का असतो. झाड उपटून दुसरीकडं लावलं की आठ दिवस पानं टाकतं. त्याला पाणी घालायचं असतं. "बघा, वाळलं" म्हणून टाळ्या पिटायच्या नसतात.

आणि आणखी एक ऐका. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावी अशाच एका कम्युनिटी कॉलेजात, मेरिट कॉलेज त्याचं नाव, दोन काळी पोरं भेटली. ह्युई न्यूटन आणि बॉबी सील. १९६६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. सहा वर्षांनी, १९७२ साली, मुंबईच्या वस्त्यांतल्या पोरांनी त्यांच्यावरून नाव घेतलं आणि दलित पँथर काढली. ज्यांना जगानं तिसऱ्या पायरीवर बसवलं होतं, त्यांनी जगाला शब्द दिला. तो शब्द समुद्र ओलांडून कामाठीपुऱ्यापर्यंत आला. गंमत बघा, त्या कॉलेजचं नावच मेरिट!

आता नव्या गाजराविषयी दोन शब्द. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सांगितलंय, कुणी कधीही बाहेर पडावं, कधीही परत यावं. एक वर्ष केलं तर सर्टिफिकेट, दोन केली तर डिप्लोमा, तीन केली तर पदवी. ऐकायला गोड आहे. पण पहिल्या दारातून बाहेर कोण पडणार? ज्याच्या घरी तांदूळ नाही तो. आणि परत येईल तेव्हा त्याला वर्गात उभं कोण करणार? तेच. बाहेर जायची दारं वाढवली, आत आलेल्याला बसायला जागा दिली का, ते आधी सांगा. नाहीतर हेही गळतीला दिलेलं एक इंग्रजी नाव.

आपली उणीदुणीही काढली पाहिजेत. नुसतं दुसऱ्यावर बोट दाखवून संपादकीय लिहिणं सोपं असतं. आपल्यातला पोरगा डिग्री झाला, नोकरी लागली, दिघ्यातून नेरुळला फ्लॅट घेतला, की पहिलं काय करतो? नावापुढं बी.ई. लावतो आणि डिप्लोमा गाळतो. लग्नाच्या बायोडेटात गाळतो, ऑफिसात गाळतो. ऑफिसात डिप्लोमा करून आलेला नवा पोरगा जयभीम म्हणाला तर इकडंतिकडं बघून हळूच मान हलवतो. अरे बाबा, ज्या शिडीनं तू चढलास ती वर ओढून घेऊ नकोस. तुझ्या मागं रांग आहे. आणि त्या रांगेत पोरी आहेत. पोराला घरात निदान चहा आयता मिळतो. पोरगी पहाटे पाणी भरून, डबे करून, दिघ्याहून निघते, उशिरा प्रवेश झाला म्हणून मागच्या बाकावर बसते, आणि घरी मामा म्हणतो, "डिप्लोमा झालाय ना, बास झालं की." तिच्यासाठी दार तिहेरी आहे. जातीचं, सर्टिफिकेटचं आणि घरचं. घरचं दार उघडायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. ते आपणच उघडायचं आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, हसले तर हसले. हसण्यावारी नेऊ नका. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, आदिवासी मुलगी, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. दोघांच्या आया त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेल्या, शिक्षणसंस्थांतला भेदभाव थांबवा म्हणून. ही दोघं डिप्लोमाची नव्हती. पण 'तू इथला नाहीस' हे वाक्य कुठवर जाऊ शकतं ते या दोन तारखांनी सांगितलंय. सुरुवात हसण्यापासूनच होते. आमच्या एकाही पोरानं त्या वाटेला जायचं नाही. आम्हाला हुतात्मे नकोत, इंजिनिअर हवेत.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे, आणि ते आम्ही प्रत्येक कॉलेजच्या प्राचार्यांना लेखी देणार आहोत.

एक. वर्गात कुणालाही डिप्लोमा, कोटा, फ्रीशिप या नावानं उभं करायचं नाही. माहिती हवी असेल तर ती ऑफिसच्या फायलीत आहे.

दोन. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी एम-वन, एम-टूचे जादा तास कॉलेजनं घ्यावेत, फी न घेता, आणि एम-थ्री सुरू होण्याआधी. प्रवेश उशिरा झाला तर चुकलेली चाचणी पुन्हा घ्यावी. उशीर पोरानं केलेला नाही.

तीन. शिष्यवृत्तीच्या याद्या जातीसकट बोर्डावर लावणं बंद. प्रत्येकाला त्याचा निरोप स्वतंत्र मिळाला पाहिजे. सरकारकडून पैसा यायला उशीर झाला म्हणून कुणाचा परीक्षेचा फॉर्म अडवायचा नाही.

चार. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ साली भेदभावाविरुद्ध नियम केले. त्यात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितला आहे. तो अधिकारी कोण, कुठं बसतो, कधी भेटतो, हे गेटवर मराठीत लिहावं.

पाच. नोकरी द्यायला येणाऱ्या कंपन्यांना कॉलेजनं स्पष्ट सांगावं, की डिप्लोमाची तीन वर्षं ही शिक्षणाची वर्षं आहेत. ती बारावीच्या जागी धरा. त्याआधी नोकरी केली असेल तर तो अनुभव आहे, डाग नाही.

यातली एकही मागणी आभाळातली नाही. एकीलाही मोठा पैसा लागत नाही. लागते ती दानत.

आणि कॉलेज ऐकेल तोवर आपण हात जोडून बसायचं नाही. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की फळा लावतो. गेल्या वर्षी सहा पोरं यायची, त्यात दोन आगऱ्यांची, एक मुसलमान. शिकवणारा आमच्यातलाच, एम-थ्रीला दोनदा नापास झालेला आणि तिसऱ्यांदा सुटलेला. त्याच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही, कारण कुठं पाय घसरतो ते त्याला ठाऊक आहे. तुमच्या वस्तीत विहार असेल, समाजमंदिर असेल, नाहीतर एखादी रिकामी खोली असेल. फळा लावा. खडूला फार पैसे लागत नाहीत. जे पुढं गेलेत त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. वर्गणी नको, रविवार द्या.

त्या पोरीच्या आईचा प्रश्न अजून तसाच आहे. उभं केलं म्हणजे काय चूक केलीस गं?

मावशे, तुझ्या पोरीनं चूक काहीच केली नाही. तिनं तीन वर्षं वर्कशॉप केलं, यादीत नाव आणलं, आणि रिकाम्या बाकावर जाऊन बसली. दार पुढचं की मागचं हे घर बांधणारानं ठरवायचं असतं, आणि हे घर आपण बांधलंय. खडी तू फोडलीस.

आणि दोस्तहो, पुढच्या वर्षी पहिल्या तासाला पुन्हा तो आवाज येईल, "डिप्लोमावाले कोण कोण?" तेव्हा उभे राहा. मान वर करून, सगळे मिळून. आणि उभ्या उभ्याच विचारा, "सर, एम-वनचे जादा तास कधी सुरू करताय?"

उत्तर मिळाल्याशिवाय बसू नका.

जयभीम!